कापसाची खोली आणि लाल नोझल

एप्रिल लागला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. ऊन म्हणाल तर यवतमाळात ते मार्चपासूनच डोक्यावर बसलेलं असतं, त्याचं काही नवल नाही. पण जयंती जवळ येते, लोहाऱ्यातल्या आमच्या गल्लीत निळ्या पताका लागतात, घरोघरी भिंती खरवडायला घेतात, आणि ओल्या चुन्याचा वास नाकात गेला की मला आधी छान वाटतं आणि लगेच रडू येतं. दोन्ही एकदम. आता याला काय म्हणावं? यांना सांगितलं तर म्हणतात, लिंबूपाणी घे. घेते. काही होत नाही.

आजही तेच. हे रंग आणायला गावात गेले, आणि मी मागच्या शेडमधून मशीन ओढून काढली. प्रेशर वॉशर. पेट्रोलवर चालणारी, दोन चाकांची. एकेकाळी पिवळी होती, आता कुठल्या रंगाची ते तिलाच ठाऊक. गल्लीतल्या बाया अजून हसतात. ‘उज्ज्वलाबाई, बाईमाणसानं शिलाई मशीन चालवावी, हे काय फटफटी घेऊन बसता?’ हसू देत. शिलाई मशीनही माझ्याकडं आहे, तिच्यावर पोट भरतं. पण जीव हिच्यावर आहे. जीव आहे आणि रागही आहे.

बदामाच्या झाडाखाली खुर्ची टाकून मामाजी बसलेत. मामाजी म्हणजे माझे सासरे. ऐंशीच्या पुढं गेले, डोळ्याला कमी दिसतं, कानाला मात्र हवं तेवढं ऐकू येतं. चाकं खरखरली तशी त्यांनी मान वळवली.

‘जयंती आली वाटते,’ म्हणाले.

मी ‘हो’ म्हटलं आणि उगाच पाइपाचे वळसे सोडत बसले.

ही मशीन आमच्या घरात आली ती कापसापायी. तेव्हा आम्ही गावी राहायचो, पांढरकवड्याच्या रस्त्यावर, केळापूरच्या अलीकडं. आमचे हे पांढरकवड्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. त्या हंगामात कापसाचा भाव असा काही पडला की कास्तकारांनी कापूस विकायलाच नकार दिला. वेचला आणि घरात भरला. जिनिंगमध्ये कापूसच येईना. दिवाळीनंतर जिथं गाड्यांची रांग लागायची तिथं कुत्री झोपू लागली. शेवटी मालकानं कुलूप घातलं आणि जुनं सामान माणसांना वाटून टाकलं. कुणाला पंखा मिळाला, कुणाला वजनकाटा. यांच्या वाट्याला जिनिंगचं आवार धुवायची ही मशीन आली. घरात घोटभर पाणी जपून वापरणारी माणसं आम्ही, आणि दारात उभी राहिली पाण्याचा फवारा मारणारी मशीन! मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना.

मामाजींनी मात्र तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. ढोपरावर बसून टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला. विहिरीवरचं ऑइल इंजिन त्यांनी तीस वर्षं सांभाळलेलं. गावात वीज आली, मोटारी आल्या, पण हात ते विसरले नव्हते.

‘शिकतं काय?’ त्यांनी मला विचारलं.

यांना नाही विचारलं, मला विचारलं. मी तेव्हा पंचविशीची असेन. माझ्या माहेरी सायकलचं पंक्चरसुद्धा भाऊ काढायचा. मी म्हटलं, ‘शिकतो ना.’

मग त्यांनी मला शिकवलं. आधी तेल पाहायचं. पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची, खुणेपर्यंत तेल दिसलं पाहिजे. मग पाण्याचा पाइप जोडायचा, जाळीत कचरा नाही ना बघायचं. पाणी आल्याशिवाय दोरी ओढायची नाही, पंप कोरडा फिरला तर जळतो. पाइपाच्या टोकाची गन दाबून आतली हवा काढून टाकायची. मग चोक, मग दोरी. काम झालं की इंजिन बंद, पाणी बंद, आणि गन पुन्हा एकदा दाबायची, कारण मशीन गप्प झाली तरी आतला दाब तसाच राहतो. बरेच दिवस बंद ठेवायची असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून घ्यायचं. आणि घराच्या आत कधीही चालवायची नाही, तिचा धूर माणसाला झोपवून टाकतो.

दोरी ओढायचं तंत्र मला आठ दिवस जमलं नाही. खांदा सुजला. नवव्या दिवशी ती धडधडली आणि मी अंगणात अशी ओरडले की शेजारच्या शोभाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला. मामाजी हसले. सासूबाई गेल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

तेव्हापासून, मी मशीनला हात लावला की कुठूनही त्यांचा आवाज यायचा. ‘तेल पाह्यलं काय?’ सपरीतून म्हणजे पुढच्या पडवीतून, गोठ्यातून, एकदा तर नहाणीतून. मी म्हणायचे, ‘पाह्यलं, मामाजी.’ कधी पाहिलेलं असायचं, कधी नसायचं.

गनच्या तोंडाला लावायची नोझलं पाच होती, रंगारंगाची. पांढरं सगळ्यात सौम्य, हिरवं त्याहून जोराचं, पिवळं आणखी. काळं साबणासाठी. आणि लाल. लाल नोझलमधून पाणी सुतळीएवढ्या धारेनं निघायचं आणि दगडावर मारलं तर दगडाची पापडी उडायची. ते मामाजींनी पहिल्याच दिवशी काढून आपल्या तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकलं. ‘हे घराच्या भितीले लावाचं नाही. आपली भीत मातीच्या जोडनीची हाये. हे तिले खाऊन टाकीन.’

हे त्यांनी सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं असं मला कितीही वाटलं तरी मी ऐकलं होतं.

तो एप्रिल मला वासानं आठवतो. कापसाच्या वासानं. बाहेरच्या माणसाला वाटतं कापसाला कसला आला वास. घरात छतापर्यंत भरून चार महिने ठेवा, मग सांगा. कोमट, धुळकट, सरकीच्या तेलाचा वास. भाजीला यायचा, अंथरुणाला यायचा. आमच्या घराला तीन खोल्या, त्यातल्या दोन कापसानं भरलेल्या. आम्ही सगळे तिसरीत आणि सपरीत. माझी लेक तेव्हा चार वर्षांची. ती त्या ढिगावर लोळायची, उड्या मारायची, आणि संध्याकाळी अंगभर लाल पुरळ घेऊन रडायची. कापसातले किडे चावायचे. खोबरेल तेलात कापूर घालून मी तिला चोळायचे, मग स्वतःला चोळायचे, मग हे पाठ करून बसायचे. सगळं गाव खाजवत होतं. विहारात वंदनेला बसलेली माणसंसुद्धा मधेच मनगट खाजवायची.

‘विकून टाका ना बाबा,’ हे म्हणायचे.

‘असा पांढराफेक माल मातीमोल देऊ? कायले?’ मामाजी म्हणायचे. त्यांना त्यांच्या कापसाचा अभिमान होता. वेचताना पातीचा कचरा येऊ द्यायचे नाहीत, दव असताना वेचू द्यायचे नाहीत. आणि वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणाऱ्यांचं नाव निघालं की ते ताटावरून उठायचे. ‘ते कास्तकार नाही, चोट्टे हायेत. त्याईच्यापायी खऱ्या मान्साच्या मालात बी हात घालून पाह्यतेत.’ हे त्यांनी पारावर म्हटलेलं, खरेदी केंद्रावर म्हटलेलं, पाहुण्यांच्या लग्नात म्हटलेलं. गावात ते सगळ्यांना पाठ होतं. काहींना ते टोचतही होतं.

घरात सगळ्यांना भीती होती आगीची. मशीनमध्ये पेट्रोल, खोल्यांत कापूस. म्हणून मशीन दूर गोठ्यात, पेट्रोलची कॅन त्याहून दूर, मामाजींनी बिडी सोडली, मी चूल अंगणाच्या टोकाला नेली. पाण्याची भीती कुणालाच वाटली नाही. घागरभर पाण्यासाठी अर्धा तास उभं राहणाऱ्या घरात पाण्याची भीती कुणाला वाटणार?

जयंतीला चार दिवस राहिले होते. दर वर्षी विहारासमोर झेंडा मामाजी चढवायचे, आणि त्या दिवशी आमच्या घराला नवा रंग असायचाच. जयंतीपुरतं पाणी ड्रम भरभरून साठवलं होतं, त्यात पुढच्या आणि बाजूच्या भिंती मी हिरव्या नोझलनं धुतल्या. मागची भिंत राहिली. तिच्यावर जुन्या चुन्याचे थरावर थर, हिरवं नोझल मारलं तर नुसतं अंग ओलं व्हायचं. मामाजी वावरात गेलेले, हे कामाच्या शोधात यवतमाळला. तंबाखूची डबी कोनाड्यात होती.

मी लाल नोझल लावलं.

काय सांगू, मजा आली! ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, पण मला फार मजा आली. चुन्याच्या पापड्या भाकरीएवढ्या सुटून पडत होत्या, खालून वीट अशी लालबुंद निघत होती की जणू कालच भाजली. इंजिन धडधडत होतं, पेट्रोलचा वास, ओल्या मातीचा वास, आणि भिंतीवरून उलटून येणारे गार तुषार तोंडावर. बाहेर भर एप्रिल आणि मी नखशिखांत गार. ढोपराच्या उंचीवर चुन्याचा एक गोळा निघेना, तिथं मी धार धरून ठेवली.

आणि मग तोंडावर येणारं पाणी थांबलं.

एवढंच. धार भिंतीवर पडत होती आणि तुषार उलटून येत नव्हते. मला गार वाटेनासं झालं. मला हे कळलं, अंगाला कळलं. तरी मी गनवरचा दाब सोडला नाही. किती वेळ? दोन मिनिटं असतील, पाच असतील. गोळा निघाला तेव्हा त्याच्या शेजारी दोन विटांच्या मधली माती गेलेली, माझी दोन बोटं आत जातील एवढं भोक. भिंतीपलीकडं कापसाची खोली.

मी माती कालवली, भोक बुजवलं, वरून हात फिरवला. नोझल पुसून डबीत ठेवलं. संध्याकाळी मामाजींनी भिंत पाहिली, ‘बम चमकली वो,’ म्हणाले. मला तेव्हा माहीत होतं की नव्हतं? हा प्रश्न मी इतक्यांदा विचारला आहे स्वतःला की आता त्याचं उत्तर आलं तरी मला ओळखू येणार नाही. थोडीशी ओल गेली असेल, एवढ्या उन्हात वाळून जाईल, असं मी म्हटलं. म्हणजे माहीत होतं. पण मग जयंतीच्या दिवशी मी निळी साडी नेसून एवढी आनंदात कशी होते? माहीत असलेली बाई अशी हसते का?

जयंतीनंतर आठवड्यानं भाव थोडा चढला आणि मामाजींनी ट्रॉली सांगितली. पहाटेच भरायला घेतली, ऊन नको म्हणून. वीज गेलेली, अंधारच होता. गाठोडी बांधायची आणि न्यायची. सगळ्यात शेवटी भिंतीजवळचा, तळाचा कापूस. मी त्यात हात घातला तर हाताला गरम आणि चिकट लागलं. घाम असेल, म्हटलं. हो, असंच म्हटलं मी! आणि गाठोडं बांधलं. खोलीत जे तळाला होतं ते ट्रॉलीत वर आलं.

पुढचं यांनी सांगितलेलं. केंद्रावरच्या ग्रेडरनं ट्रॉलीवर चढून हात खुपसला, मूठभर कापूस काढला. पिवळा पडलेला, गोळे झालेले. नाकाशी नेला, ओलावा मोजायचं मीटर लावलं. ‘बाबा, पाणी मारलं तुम्ही,’ म्हणाला. मामाजी खालून ओरडले, ‘तू झुटा हायेस. माह्या कापसाले पान्याचा थेंब नाही, बुद्धाशपथ.’ पन्नास माणसं जमली होती. ज्यांना ते वर्षानुवर्षं चोट्टे म्हणत आले, तेही होते. कुणीतरी हसलं. ट्रॉली परत फिरवली.

भरलेली ट्रॉली गावात परत येणं म्हणजे काय, ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. भर दुपारी, सगळ्या दारांत बाया उभ्या. मामाजी पुढं बसलेले, टोपी मांडीवर.

तो कापूस आम्ही धाब्यावर पसरला. दोन दिवस मी आणि मामाजी समोरासमोर बसून पिवळा वेगळा, पांढरा वेगळा करत होतो. सांगावं, सांगावं असं माझ्या जिभेच्या टोकाशी यायचं. ते मान खाली घालून निवडत होते. मी म्हणायचे, आत्ता नको, जेवण झाल्यावर. जेवण झाल्यावर म्हणायचे, संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला, एसटीनं पांढरकवड्याला गेले आणि दुपारी आले. कुठं गेलते, कुणालाच सांगितलं नाही.

रात्र व्हायच्या आत गावात बातमी होती. शोभाबाईंचा नवरा त्या दिवशी केंद्रावर होता. ‘बुढ्यानं कबूल केलं म्हंते. सगळ्याईसमोर म्हनला, पानी होतं माह्या कापसात.’

हे ताडताड सपरीत आले. ‘बाबा, काहून मारलं पानी? सांगा ना! जलमभर लोकाईले शिकवत राह्यले, अन् सोताच?’

मामाजींनी यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभी होते, हातात कणकेचं ताट. मग ते टोपी घालून गोठ्याकडं गेले.

आता माझा गोंधळ बघा. मला खरंच वाटायला लागलं की मामाजींनीही पाणी मारलं असेल. माझ्या दोन बोटांच्या भोकातून जाऊन जाऊन किती पाणी जाणार? एवढा कापूस खराब व्हायला आणखी काही झालं असेल. माणूस स्वतःहून कबूल करतो म्हणजे काहीतरी केलंच असेल ना? या विचारानं मला दोन महिने चांगली झोप लागली. मग एक दिवस नाही लागली, आणि तेव्हापासून कधी लागते, कधी नाही.

पुढच्या जयंतीला झेंडा चढवायला मामाजींना बोलवायला माणसं आली, तर ते म्हणाले, ‘मले नको. दुसऱ्या कोनाले सांगा.’ माणसांनी फार आग्रह केला नाही. आमचे हे बापाशी कामापुरतं बोलू लागले. पाणी देतात, औषध आणतात, दवाखान्यात नेतात. पण शेजारी बसत नाहीत. लोहाऱ्यात एमआयडीसीत नोकरी लागली, घर झालं, वावर ठोक्यानं कसायला दिलं, मामाजी इथं आले. यांचं ते शेजारी न बसणंही आमच्यासोबत इथं आलं. आणि मशीन आली. तिचं तेल बदललं, प्लग बदलला, पाइप दोनदा बदलला. भंगारवाला दर वर्षी विचारतो. का देत नाही मी? मला सांगता येत नाही.

आज पाइप जोडता जोडता मी जाळी साफ केली. पाणी सोडलं. गन दाबून हवा काढली. दोरी हातात घेतली आणि ओढली नाही. डब्यात पाचही नोझलं होती, लाल त्यातलंच एक. गल्लीच्या टोकाला कुणी तरी लाउडस्पीकर तपासत होतं, हॅलो हॅलो, एक दोन तीन. काय झालं मला कळलं नाही, पण मी मशीन तशीच सोडून मामाजींच्या खुर्चीपुढं जाऊन जमिनीवर बसले.

‘मामाजी,’ म्हटलं, ‘त्या वर्षी कापसाले पानी माह्या हातून लागलं. म्या लाल नोझल लावलं होतं भितीले.’

त्यांनी खुर्चीच्या हातावर पडलेलं बदामाचं पान झटकलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

‘माहीत हाये,’ ते म्हणाले. ‘ट्रॉली वापस आली तवा रिकाम्या खोलीत दिसलं. म्याच बुजवलं आतून.’

‘मंग तुम्ही केंद्रावर काहून गेलते?’

‘त्या पोराले मी पन्नास मान्साईत झुटा म्हन्लो. तो खरा होता. माफी मागाले गेलतो.’

‘मंग सांगाचं ना, सुनेच्या हातून झालं म्हनून! चुकून झालं म्हनून! लोक काय काय बोलले. हे तुमच्याशी...’

‘तूनं कुठं सांगतलं होतं?’ ते म्हणाले. रागानं नाही. ‘तुही गोष्ट मी कशी सांगू? म्हन्लं, सांगशीन तू कवा तरी. थांबलो.’

‘कधीपर्यंत थांबले?’

‘आतापर्यंत.’

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडले, अगदी लहान पोरीसारखी, नाक गळेपर्यंत. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तो हात जड होता. ते वाट पाहत होते तेवढी वर्षं मी त्यांना चहा देत होते, भाकरी वाढत होते, ‘बरं वाटतं का’ विचारत होते. दिवसातून चार वेळा समोर. आणि ते दर वेळी थांबत होते. हे कळल्यावर बरं वाटायला हवं की आणखी वाईट? मला अजून समजलेलं नाही.

थोड्या वेळानं ते म्हणाले, ‘ऊन चढून राह्यलं. धून घे भीत.’

मी डोळे पुसले, उठले, दोरीला हात घातला.

‘तेल पाह्यलं काय?’

‘पाह्यलं, मामाजी,’ म्हटलं मी.

दोरी हातातच राहिली. पट्टीला मी आज हातसुद्धा लावला नव्हता.

‘नाही पाह्यलं,’ म्हटलं.

‘मंग पाह्य ना,’ ते म्हणाले.

पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. तेल खुणेच्या खाली होतं. डबा आणायला वळले तर फाटकाशी यांची गाडी थांबली. पुढं रंगाचे दोन डबे, कपाळावर घाम. माझं तोंड बघून हे दचकले. ‘काय झालं? मशीन बिघडली काय?’

मी गाडीवरचे डबे घेतले आणि खाली ठेवले.

‘मशीन बरी हाये,’ म्हटलं. ‘तुम्ही आधी बसा. तिथं नाही, मामाजींच्या जवळ बसा.’